नकाशावर डोळा, दगडावर पाय

ओरिएंटिअरिंगबद्दल या वेळी आलेल्या पत्रांचा सूर जवळपास एकच आहे. दिवसभराचा कोर्स, खडकाळ चढउतार, आणि संध्याकाळी घोटा, ढोपर किंवा हात यांपैकी काहीतरी दुखावलेलं. खेळ ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: हातात नकाशा आणि होकायंत्र असतं. नकाशावर क्रमांक घातलेली वर्तुळं असतात आणि प्रत्येक वर्तुळाच्या मध्याशी, प्रत्यक्ष जमिनीवर, पांढरा-केशरी त्रिकोणी झेंडा टांगलेला असतो. त्याला कंट्रोल म्हणतात. सगळे कंट्रोल क्रमाने गाठायचे (या ठरलेल्या क्रमालाच कोर्स म्हणतात), तिथे पंच करायचं, म्हणजे पोचल्याची नोंद करायची, आणि कमीत कमी वेळात शेवट गाठायचा. दोन कंट्रोलमधली वाट कोणी आखून देत नाही, ती स्वतः निवडायची. आलेल्या निम्म्या दुखापतींचं मूळ या निवडीतच दिसतं, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : १:१०,००० च्या नकाशावर दोन कंट्रोलमधलं सरळ अंतर ६ सेंमी होतं. मध्ये डोंगराची एक सोंड आडवी होती. पायवाटेने वळसा घेतला असता तर साधारण १ किमी पडलं असतं. मी सरळ गेलो आणि पलीकडच्या उतारावर दोनदा आपटलो. निवड चुकली का?

बहुधा चुकली, आणि हे नकाशावरच मोजता आलं असतं. ६ सेंमी म्हणजे ६०० मीटर. आता सोंडेवर चढताना किती समोच्च रेषा ओलांडाव्या लागतात ते मोजा. दोन रेषांमधलं उंचीचं अंतर नकाशाच्या कोपऱ्यात छापलेलं असतं, बहुतेक वेळा ५ मीटर. समजा १२ रेषा आहेत, तर चढ ६० मीटर झाला. ढोबळ हिशेब असा की १ मीटर चढायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात सपाटीवर ८ ते १० मीटर जाता येतं. म्हणजे ६० मीटर चढाचे ४८० ते ६०० मीटर धरा. तुमचे ६०० मीटर प्रत्यक्षात १०८० ते १२०० मीटरच्या बरोबरीचे झाले. वळशाची पायवाट दोन रेषा चढत असेल तर ती साधारण ११०० मीटरला पडते. वेळ जवळपास सारखाच.

यात जमीन कशी आहे हे अजून धरलेलंच नाही. या नकाशांवर पांढरा रंग म्हणजे मोकळं मैदान नव्हे, सहज पळता येईल असं जंगल. मोकळ्या जागेला पिवळा असतो. फिक्या हिरव्यात वेग नेहमीच्या ६० ते ८० टक्क्यांवर येतो, मधल्या हिरव्यात २० ते ६० टक्क्यांवर, आणि गडद हिरव्यात २० टक्क्यांच्याही खाली. नवशिके हिरवा रंग बघतात, पण काळ्या ठिपक्यांकडे त्यांचं लक्ष जात नाही. ते ठिपके म्हणजे सुटे दगड. ठिपके जितके दाट तितकं पाऊल टाकायला जागा कमी. ठिपक्यांचा पट्टा उतारावर आला, म्हणजे समोच्च रेषाही जवळजवळ आणि ठिपकेही, की तिथे पळायचं नाही असं आधीच ठरवून टाकावं. तुम्ही आपटलात ती जागा नकाशावर पुन्हा काढून पाहा. बहुतेक तिथे हे दोन्ही सापडेल.

उताराचा फायदा हिशेबात धरू नये. गवताळ उतारावर वेळ वाचतो, पण घसाऱ्यावरून ६० मीटर खाली यायला कधीकधी चढण्याइतकाच वेळ लागतो.

वेळ सारखा पडत असेल तर वाट घ्यावी, याचं आणखी एक कारण आहे. वाटेवर पळता पळता पुढच्या टप्प्याचा नकाशा वाचून होतो. दगडांत ते जमत नाही. तिथे पाय आणि नकाशा दोघांनाही एकाच वेळी डोळे हवे असतात आणि अशा वेळी नुकसान पायाचं होतं. अवघड जमिनीवर रीत अशी ठेवा: नकाशाची घडी घालून फक्त चालू आणि पुढचा टप्पा वर ठेवा, अंगठा आपण आहोत त्या जागी ठेवा, पूर्ण थांबा, दोन-तीन सेकंद वाचा, पुढची एक ठळक खूण डोक्यात घ्या, आणि ती येईपर्यंत नकाशाकडे पाहू नका. ४०-५० मीटरनंतर पुन्हा थांबा. ऐकायला हे संथ वाटतं. धडपडण्यापेक्षा मात्र वेगवान आहे.

प्रश्न : उताराला आडवं जाताना मी दर वेळी कंट्रोलच्या खालीच का निघते? होकायंत्राची दिशा बरोबर धरलेली असते.

कारण प्रत्येक दगड, प्रत्येक झुडूप आपण खालच्या अंगाने चुकवतो. एकेका वेळी अर्धाच मीटर उतरतो, पण ३०० मीटरमध्ये त्याचे दहा-पंधरा मीटर होतात. होकायंत्राला यातलं काही कळत नाही, दिशा बरोबर राहते आणि उंची जाते. उपाय दोन आहेत. अडथळे मुद्दाम आळीपाळीने वरून आणि खालून चुकवा. किंवा निघतानाच एखादी समोच्च रेषा वर चढून घ्या आणि कंट्रोलवर वरच्या बाजूने उतरा. वरून झेंडा लवकर दिसतो हा वरचा फायदा. शिवाय, तिरक्या उतारावर खालच्या बाजूच्या पायाचा घोटा सतत बाहेरच्या कडेवर तोललेला असतो. लांबचा आडवा टप्पा असेल तर मधे थोडं सरळ वर चढून त्या पायाला सुटका द्यावी.

प्रश्न : चौथ्या कंट्रोलनंतर धोंड्यांमध्ये पाय वाकडा पडला आणि घोट्यात 'कट्' असा आवाज आला. थोडं चालल्यावर बरं वाटलं म्हणून उरलेले सात कंट्रोल पूर्ण केले. रात्री घोटा टम्म सुजला. चालत राहिलं की घोटा मोकळा होतो असं ग्रुपमधले म्हणतात. ते बरोबर आहे का?

नाही. अंग तापलेलं असतं, स्पर्धेची झिंग असते, आणि सूज यायला काही तास लागतात. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात घोटा खोटं बोलतो.

घोटा मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा तळवा आत वळतो आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे लिगामेंट ताणले जातात किंवा थोडे फाटतात. ताणलेला लिगामेंट घोट्याला नीट आवरू शकत नाही, त्यामुळे त्याच दिवशी दुसऱ्यांदा मुरगळणं सोपं होतं आणि ते पहिल्यापेक्षा वाईट असतं. आवाज आला म्हणजे हाड मोडलंच असं नाही, आणि आवाज आला नाही म्हणून हाड शाबूत आहे असंही नाही.

जागेवर काय करायचं ते सांगतो. आधी बाजूला सपाट जागी बसा आणि दोन-तीन मिनिटं काहीही करू नका. मग मोजा खाली सरकवून हाड चाचपा. या खेळाचे बूट घोट्याच्या खाली संपत असल्याने त्यासाठी बूट काढावा लागत नाही. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी उंचवट्याची हाडं आहेत त्यांच्या टोकावर आणि मागच्या कडेवर, टोकापासून वर ६ सेंमीपर्यंत, एका बोटाने दाबत जा. दुखरी जागा मऊ भागात आहे की हाडावरच, हे इथे बघायचं आहे. पुढे दोन जागा उरतात: पायाच्या बाहेरच्या कडेला साधारण मध्यावर जे हाड बाहेर आल्यासारखं लागतं ते, आणि आतल्या अंगाला कमानीच्या वरचं हाड. या दोन्ही जागा बुटाच्या आत येतात, म्हणून लेस सैल करून बोट आत घाला. मग उभं राहून चार पावलं टाका. लंगडत टाकली तरी चालतील.

हाडावर दाबून कळ येत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे हवा. या चाचणीला ओटावा नियम म्हणतात. कॅनडातल्या डॉक्टरांनी तो १९९२ साली मांडला आणि आजही तातडीच्या विभागांत तो वापरला जातो. तुम्ही डॉक्टर नसलात तरी 'कोर्स इथेच थांबवायचा का' एवढं ठरवायला तो पुरतो. हाडाची कळ नाही आणि चालता येतंय, तरीही आमचं मत थांबण्याचंच आहे. फार तर वाटेवरून चालत परत यावं. पुढचे सात कंट्रोल दगडांतून, हे नको.

परत चालायचं असेल तर बूट पायातच ठेवा. काढला तर सूज चढल्यावर परत जात नाही. बुटावरूनच आधार बांधता येतो: चार बोटं रुंद घडी केलेलं दीड मीटर लांब कापड किंवा त्रिकोणी पट्टी घ्या. तिचा मध्य तळव्याखाली, टाचेच्या जरा पुढे ठेवा. दोन्ही टोकं वर घेऊन टाचेच्या वर, मागे एकमेकांवरून न्या. मग पुढे आणून पायाच्या वरच्या बाजूला फुली करा. आता प्रत्येक टोक त्या-त्या बाजूच्या उभ्या पट्टीखालून ओवून ओढा आणि पुढे गाठ मारा. ओढताना तळवा किंचित बाहेर वळलेला राहील असं बघा. बोटं बधिर किंवा गार पडली तर लगेच सैल करा.

घरी आल्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं, दर दोन-तीन तासांनी, पहिले एक-दोन दिवस. बर्फ थेट कातडीवर नको. ७.५ सेंमी रुंदीचं क्रेप बँडेज पायाच्या बोटांच्या मुळापासून वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा येईल असं बांधा. बोटं उघडी राहू द्या. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे, नाहीतर घट्ट झालंय. झोपताना बँडेज सोडा आणि पाय उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवा. पहिले दोन-तीन दिवस शेकू नका, चोळू नका, कोणाला ओढूनही देऊ नका. वेदनाशामक गोळी घेऊन कोर्स पूर्ण करण्याचा विचार तर करूच नये. कळ हीच तेवढी एक सूचना असते आणि गोळीने तीच बंद होते.

पुन्हा पळायला कधी सुरुवात करायची याची साधी कसोटी: दुखऱ्या पायावर एकट्याने ३० सेकंद तोल सांभाळता आला पाहिजे आणि त्याच पायावर न दुखता दहा उड्या मारता आल्या पाहिजेत. ते जमेपर्यंत खडकाळ कोर्स नाही.

प्रश्न : पडल्यावर फारसं लागलं नाही, पण उठून निघालो तो थेट उलट दिशेला. पाऊण तास गेला. असं का होतं?

पडताना अंगठा नकाशावरून सुटतो, नकाशा हातात फिरतो आणि उठल्यावर आपण तोंड असेल त्या दिशेने चालू लागतो. घाईत उत्तर रेषांवर होकायंत्राची लाल सुई बसवण्याऐवजी मागचं टोक बसवलं की बरोबर १८० अंशांची चूक होते. या नकाशांवर उत्तर रेषा चुंबकीय उत्तरेलाच काढलेल्या असतात, त्यामुळे वेगळी दुरुस्ती करावी लागत नाही. लाल टोक नकाशाच्या उत्तरेला, एवढं पुरे. सूर्य कुठे आहे हे अधूनमधून पाहत राहिलं तर इतकी मोठी चूक लगेच खटकते.

आधी अंग बघा, मग नकाशा. डोकं आपटलं का? आपटलं असेल तर भले बरं वाटत असेल, कोर्स संपला असं समजा. डोकेदुखी वाढणं, उलटी, गुंगी, तेच तेच विचारणं, यातलं काही दिसलं तर थेट डॉक्टरकडे. अशा माणसाला निदान पहिला एक दिवस एकटं ठेवू नये. डोकं ठीक असेल तर हात, मनगट, ढोपर हलवून बघा. मग नकाशा उत्तरेला लावा आणि 'शेवटची नक्की माहीत असलेली जागा' शोधा. अंदाजाची नाही, नक्कीची. ती १०० मीटर मागे असेल तर मागे जाणं परवडतं.

होकायंत्रही तपासा. खडकावर आपटल्याने डबीला चीर गेली की तेल गळतं आणि मोठा बुडबुडा होतो. सुई त्याला अडते. बुडबुडा अगदी छोटा असेल तर काही बिघडत नाही. दुसरं, होकायंत्र आणि मोबाइल एकाच खिशात ठेवू नका. फोनच्या चुंबकाने सुईचे ध्रुव उलटेही होऊ शकतात. आणि दिशेतली चूक केवढी महागात पडते तेही लक्षात असू द्या: ५ अंश चुकलं तर ५०० मीटरनंतर तुम्ही सुमारे ४४ मीटर बाजूला असता. दाट झाडीत ४४ मीटरवरचा झेंडा दिसत नाही.

प्रश्न : उकडतं म्हणून आम्ही हाफ पँटमध्ये पळतो. पोटऱ्यांवर ओरखडे येतात, पण ते काय, आपोआप भरतात. तरी संयोजक पूर्ण पँटचा आग्रह का धरतात?

या आग्रहामागे इतिहास आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षं स्वीडनमध्ये ओरिएंटिअरिंग करणाऱ्यांत कावीळ पसरली, रुग्णांची संख्या शेकड्यांत गेली. ती रक्तातून पसरणारी कावीळ होती. एकाच झुडपातून एकामागोमाग जाणाऱ्यांच्या पायांवरचे ओरखडे आणि शर्यतीनंतर सगळ्यांनी एकाच साठलेल्या पाण्यात जखमा धुणं, यांच्यावर संशय आला. त्यानंतर तिथे अंग झाकणारे कपडे सक्तीचे झाले. उकाड्यासाठी पातळ नायलॉनची पूर्ण पँट आणि काटेरी भागात गुडघ्याखाली गेटर, म्हणजे नडगी झाकणारं आवरण, घाला. ते फार गरम होत नाही. गेटरच्या पुढच्या बाजूला जाड अस्तर असेल तर नडगीवरचा मुका मारही वाचतो.

ओरखडा आलाच तर वाहत्या, पिण्यायोग्य पाण्याने धुवा. बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडलं की चांगली धार मिळते. माती गेलेल्या जखमेला निदान अर्धा लिटर तरी पाणी लागतं. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेत ओतू नका, त्याने भरून येणाऱ्या पेशीही मरतात. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ गॉजने सलग १० मिनिटं दाबून धरा. दर मिनिटाला उचलून 'थांबलं का' बघितलं की गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. काटा वर दिसत असेल तर ज्या कोनात शिरला त्याच कोनात चिमट्याने ओढा. सांध्याजवळ खोल मोडला असेल तर उकरू नका, डॉक्टरला काढू द्या. मातीने भरलेल्या जखमेसाठी धनुर्वाताचा शेवटचा डोस ५ वर्षांपेक्षा जुना असेल तर बूस्टर घ्यावा लागतो. स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी ही मुदत १० वर्षं आहे.

आणि डोळे. फांदीचा फटका डोळ्याला बसला तर चोळायचं नाही. पाण्याने धुवा, आणि टोचल्यासारखं वाटत राहिलं किंवा अंधूक दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. झुडपात शिरताना नकाशाचा हात चेहऱ्यापुढे धरण्याची सवय लावून घ्या.

प्रश्न : टाचेला फोड आला तर फोडावा का?

लहान असेल तर नको. खरं काम त्याच्या आधीचं आहे: टाच गरम लागायला लागली की तिथेच थांबून झिंक ऑक्साइड टेप सपाट, सुरकुती न पडता लावा. दोन मिनिटं जातात. फोड मोठा आणि ताणलेला असेल तर निर्जंतुक सुईने कडेला छिद्र पाडून पाणी काढा, वरची कातडी तशीच राहू द्या आणि झाका.

प्रश्न : चार-पाच तासांच्या कोर्सला सोबत किती सामान घ्यावं? वजनामुळेच जास्त पडायला होतं असं वाटतं.

बरोबर वाटतं. हलणारी पाठपिशवी उतारावर तोल घालवते, म्हणून छातीचा पट्टा असलेली छोटी पिशवीच घ्या. पाणी ताशी साधारण अर्धा लिटर, उन्हात जास्त. वाटेत पाण्याची सोय असेल तर तेवढं कमी. ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असेल तर एका लिटरमध्येच कालवा. अर्ध्या लिटरात घट्ट करून प्यायल्याने पोट बिघडतं, पोटरीतला गोळा त्याने लवकर जात नाही. तो जातो पाऊल वर ओढून धरल्याने. बाकी: एक क्रेप बँडेज, टेपचा छोटा रोल, चार-पाच निर्जंतुक गॉज, चिमटा, चंदेरी पातळ ब्लँकेट, पाणी जाणार नाही अशा पिशवीत बंद केलेला फोन आणि शिट्टी. सगळं मिळून, पाणी सोडून, अर्ध्या किलोच्या आत बसतं. शिट्टी पिशवीत नको, अंगावर. पडल्यावर पिशवीपर्यंत हात पोचेलच असं नाही.

प्रश्न : वाटेत पडलेला स्पर्धक दिसला तर आपला वेळ जातो. थांबायलाच हवं का? आणि स्वतःच कोर्स सोडला तर थेट घरी गेलं तर चालतं ना?

पहिल्याचं उत्तर हो. जखमी स्पर्धकाला मदत करणं प्रत्येकाचं कर्तव्य आहे, असं या खेळाचे नियमच सांगतात. त्याला चालता येत नसेल तर एकाने त्याच्याजवळ थांबावं, दुसऱ्याने निरोप न्यावा. जाण्याआधी नकाशावर त्याची जागा टिंबाने खुणावून घ्या आणि जवळच्या कंट्रोलचा कोड लिहा. क्रमांक नव्हे, कोड. झेंड्यावर छापलेला कोड ३१ पासून पुढचा असतो. तुमच्या कोर्सवरचा पाचवा कंट्रोल दुसऱ्याच्या कोर्सवर नववा असू शकतो, म्हणून 'पाचव्याजवळ' या निरोपाने शोधणारे भलतीकडे जातात. निरोपात चार गोष्टी असाव्यात: कुठे, काय झालं, शुद्धीवर आहे का, चालू शकतो का. संकटाची खूण म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. ऐकणाऱ्याने मिनिटात तीन शिट्ट्यांनी उत्तर द्यायचं.

दुसऱ्याचं उत्तर नाही. कोर्स अर्धवट सोडला तरी फिनिशवर येऊन नाव सांगायचं आणि पंच केल्याची नोंद असलेलं इलेक्ट्रॉनिक कार्ड वाचून घ्यायचं. किती जण निघाले आणि किती परतले, याच हिशेबावर संयोजक शोधमोहीम सुरू करतात. तुम्ही न सांगता घरी गेलात तर रात्री अंधारात, त्याच दगडांमधून, लोक तुम्हाला शोधत फिरत राहतात. फिनिशपर्यंत पोचण्याची वाट सापडत नसेल तर नकाशासोबत दिलेली सुरक्षित दिशा धरा. ती बहुधा 'दक्षिणेला रस्ता लागेपर्यंत' अशा स्वरूपाची असते आणि सुरुवातीलाच सांगितलेली असते. निघण्यापूर्वी ती नकाशाच्या मागे पेनाने लिहून ठेवा.